घरच्यांची चित्रं मेल्यासारखी का दिसतात? व्ह्युयार आवडणाऱ्या एकाला लांबलचक उत्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा, की फ्रेंच चित्रकार एदुआर व्ह्युयारची घरातली चित्रं तुम्हाला वेड लावतात, तुम्हीही वर्षभर आईची आणि बहिणीची चित्रं करताय, मोबाईलवर फोटो काढून त्यावरून अ‍ॅक्रिलिकमध्ये. ड्रॉइंग बरोबर येतं, चेहरा ओळखू येतो, रंगही बरे लागतात, पण चित्र मेल्यासारखं दिसतं, "कॅलेंडरसारखं" हा तुमचाच शब्द. डिझाइनचे पडदे, चादरी आल्या की नुसता गोंधळ. आणि शेवटी विचारलंय की ती घरगुती ऊब आणायची कशी आणि चित्र संपलं हे ओळखायचं कसं.

मी वीसेक वर्षं बहुतेक घराच्या आतलीच चित्रं करतोय, त्यातली बरीच वर्षं शिकवतोय पण. त्यामुळे जे सांगतोय ते करून, फसून, परत करून कळलेलं आहे. तुमची चित्रं मी पाहिलेली नाहीत, वर्णनावरून बोलतोय, तेव्हा काही गोष्टी तुम्हाला लागू नसतील तर सोडून द्या. तुमच्या घरात जागा किती आहे, घरचे किती सहन करतात, दिवसातला कुठला वेळ तुमच्या हातात आहे, यावर खूप काही अवलंबून आहे. अगदी खरं सांगायचं तर रंग कुठला वापरता यावर त्यामानाने कमी.

पहिलं म्हणजे तो ऊब शब्द. माझ्या मते गाडी तिथेच घसरतेय. आपण धरून चालतो की घरातलं चित्र म्हणजे पिवळा उजेड, मऊ चेहरा, थोडं हसू, सगळं कसं छान. आता व्ह्युयारचं १८९३ चं आई आणि बहिणीचं चित्र आठवा, न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे ते. आई काळ्या कपड्यात, पाय फाकवून, हात मांडीवर टेकून, खोलीची मालकीण असल्यासारखी बसलीय. आणि बहीण मारी भिंतीला अशी चिकटलीय की तिच्या चौकडीच्या कपड्यातून भिंतीचा कागद सुरू होतो का कागदातून कपडा तेच कळत नाही, वर चित्राची कड इतकी खाली की तिला वाकूनच मावावं लागतंय. यात ऊब आहे? मला तरी बघताना श्वास अडकल्यासारखं होतं. तरीही घराच्या इतक्या आतलं चित्र मी फार थोडं पाहिलंय. म्हणजे जवळीक आणि गोडवा या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या, आणि तुम्ही बहुतेक गोडव्याच्या मागे लागलाय. आईला आईसारखी प्रेमळ काढायला गेलं की कॅलेंडर होतं, कारण कॅलेंडरवाल्यालाही तेच हवं असतं.

मग व्ह्युयारकडे होतं काय, तर एक म्हणजे सवय. १८६८ चा जन्म, वडील लवकर गेले, पॅरिसमध्ये आई घरातच शिवणाचं काम चालवायची, कॉर्सेट आणि कपडे, हाताखाली शिवणाऱ्या मुली. आजोळी कापडाची डिझाइनं करणारी माणसं. म्हणजे हा मुलगा कापडाच्या ठाणांत, चिंध्यांत, दोऱ्यांत वाढला, त्याच टेबलावर जेवण आणि त्याच टेबलावर कापड बेतणं. लग्न केलं नाही, १९२८ मध्ये आई जाईपर्यंत तिच्याबरोबरच राहिला, तेव्हा हा साठ वर्षांचा. आईच माझी स्फूर्ती असं तो म्हणायचा म्हणतात. पण एवढ्या वर्षांत त्याने आईला गोड केली नाही, मला हे फार मोठं वाटतं. ती शिवते, झाडते, टेबलाशी वाकते, बऱ्याचदा नुसता एक काळा किंवा तपकिरी आकार असते, नाक-डोळे असतील-नसतील.

आणि हे तुम्हाला का सांगतोय, तर तुमची खरी अडचण फोटो नाही, रंगही नाही. तुम्ही खोलीतल्या प्रत्येक गोष्टीला तिचं नाव लावून रंगवताय. ही आई, हा चेहरा, ही खुर्ची, हा पडदा. ज्याला नाव मिळालं त्याला स्वतःची बाह्यरेषा मिळाली, स्वतःचा उजेड मिळाला, स्वतःचा रंग मिळाला, आणि सगळं एकमेकांपासून सुटं झालं. दुकानात मांडल्यासारखं. घरात मात्र आपण कोणाला असं सुटं बघतच नाही हो. आई खिडकीपाशी बसली असेल तर आपल्याला आई-खिडकी-खुर्ची असा एक गठ्ठा दिसतो, नजर चेहऱ्यावर जातही नाही, कारण तो चेहरा हजार वेळा पाहिलेला आहे. पाहुणा चेहऱ्याकडे बघतो. घरचा माणूस ती कशी बसलीय त्यावरून ओळखतो की आज कंबर दुखतेय. तुमचा मोबाईल पाहुणा आहे, एवढंच.

माझी स्वतःची फजिती सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत मी आईचं मोठं चित्र केलं, स्वेटर विणताना, दोन महिने लागले, विणीचा टाका न् टाका. आईने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "खुर्ची छान आलीय रे." मला राग आला होता तेव्हा. पण बरोबर होतं तिचं, खुर्चीकडे मी बिनदिक्कत बघितलं होतं आणि आईकडे भीतभीत, साम्य हुकेल म्हणून. तिच्या चेहऱ्याला मी सगळ्यात जास्त कॉन्ट्रास्ट, सगळ्यात बारीक ब्रश दिला होता, तो मुखवट्यासारखा खोलीच्या पुढे येऊन उभा होता. ते चित्र अजून आहे माझ्याकडे, भिंतीकडे तोंड करून.

आता फोटोचं बघू, कारण तुम्ही त्याबद्दल फारच अपराधी वाटून घेताय असं लिहिण्यावरून वाटलं. फोटो हे पाप वगैरे नाही. व्ह्युयारकडे स्वतःकडे कोडॅकचा छोटा कॅमेरा होता, १८९७ च्या सुमारापासून त्याने घरच्यांचे, मित्रांचे हजाराच्या वर फोटो काढले. त्याचा जवळचा मित्र, चित्रकार पिएर बोनार, तोही फोटो काढायचा. फरक एवढाच की ते फोटो समोर ठेवून चौकटी आखून उतरवत बसणं हे त्यांचं काम नव्हतं. आणि तुमच्या मोबाईलची गोष्ट त्या कॅमेऱ्यापेक्षा वेगळी आहे. मोबाईलची मुख्य लेन्स वाइड असते, म्हणजे जवळचा गुडघा मोठा, डोकं लहान, भिंती बाहेर कललेल्या. दुसरं म्हणजे तो सावल्या आपोआप उजळतो आणि खिडकी आपोआप दाबतो, म्हणजे अंधार अंधार राहत नाही आणि उजेड उजेड राहत नाही, सगळं सारखं नीट दिसतं. तिसरं, कोपऱ्यातली चप्पल आणि आईचा डोळा दोन्ही सारखेच शार्प. डोळा असं कधीच बघत नाही. तुम्ही या फोटोवर इमाने इतबारे काम केलंत की हे सगळे दोष इमाने इतबारे चित्रात येणार. वापरायचाच असेल तर मागे जाऊन दोनपट झूमवर काढा, एक्सपोजर हाताने खाली आणा म्हणजे सावल्या बुजतील, आणि त्यावरून एकच पेन्सिल ड्रॉइंग करून फोन बंद करा. रंगवताना समोर ते ड्रॉइंग. मी विद्यार्थ्यांना फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला लावतो, हसतात, पण ठेवतात.

जागेचा मुद्दा यातच येतो. घर लहान असेल तर तुम्ही आईपासून जेमतेम पाच-सहा फुटांवर बसणार. एवढ्या जवळून बसलेला माणूस एका नजरेत मावत नाही, डोक्याकडे बघताना समोर बघता आणि पायाकडे बघताना खाली. म्हणजे जमीन तुम्हाला जवळजवळ वरून दिसतेय आणि चेहरा समोरून. या दोन नजरा एकाच कागदावर जोडल्या की जमीन उभी राहते, टेबलाचा वरचा भाग तुमच्याकडे कलतो. व्ह्युयारच्या आणि बोनारच्या खोल्यांमध्ये हे सारखं दिसतं आणि पुस्तकात त्याला जपानी छापचित्रांचा प्रभाव म्हणतात, आणि तो होताच, त्या पिढीवर सगळ्यांवरच होता. पण खोली अरुंद असली की डोळ्यालाही ते तसंच दिसतं हे मला स्वतः एका चिंचोळ्या खोलीत बसून चित्रं करायला लागल्यावर समजलं. बोनारचं दक्षिण फ्रान्समधल्या ल कानेतलं घर बघा, त्यातली न्हाणीघराची चित्रं, टबात पडलेली त्याची बायको मार्त, टब कसा वेडावाकडा फुगलेला, फरशी कशी उभी. तेव्हा जमीन कलली म्हणून लगेच सुधारायला जाऊ नका, मोजपट्टीने बरोबर केलेली जमीन घरातली वाटत नाही बऱ्याचदा.

बरं, मग करायचं कसं. मी जे करतो ते सांगतो, यातलं निम्मं बोनारकडून उचललेलं आहे.

एक जागा पकडा, एक वेळ पकडा आणि रोज पंधरा मिनिटं तिथे छोटी वही घेऊन बसा. दोन आठवडे रंगाला हात लावायचा नाही. पोज द्यायला सांगायचं नाही, चुकूनही नाही, "जरा तशीच बस ना" म्हटलं की तुमच्या समोर फोटो स्टुडिओतली बाई बसलेली असते. पहिले तीन-चार दिवस घरचे अवघडतात, पदर-ओढणी सारखी करतात, काय काढतोयस दाखव म्हणतात. दाखवा. पाचव्या दिवसापासून विसरतात. घरात कामात असलेला माणूस हलतो खरा पण परत परत त्याच ठिकाणी येतो, सुई ओढणारा हात वर जातो आणि त्याच जागी खाली येतो, पेपर वाचणारा पान उलटून पुन्हा त्याच वाकात बसतो. एका पानावर तीन ड्रॉइंग सुरू करा आणि ती जशी हलेल तसं या ड्रॉइंगवरून त्या ड्रॉइंगवर जा, परत आली की परत पहिल्यावर. एकही पूर्ण होणार नाही, होऊ नये. पण पंधरा दिवसांनी तुमच्या हाताला तो वाक माहीत झालेला असेल, म्हणजे वही मिटून काढता येईल. ज्या दिवशी वही मिटून काढता येतं त्या दिवशी रंग बाहेर काढायचे.

ड्रॉइंगबरोबर शब्द लिहा. बोनार खिशातल्या डायरीत पेन्सिलने छोटी ड्रॉइंग करायचा आणि रोजची हवा कशी होती ते टिपून ठेवायचा, ढगाळ, पाऊस, लख्ख, आणि मग स्टुडिओत भिंतीला टाचण्यांनी लावलेल्या कापडावर आठवणीतून रंगवायचा. समोर वस्तू असली की ती आपल्यावर हुकूम गाजवते असा त्याचा एकूण कल, आणि मला ते पटतं. मी लिहितो ते असलं काही असतं: कपाळ भिंतीइतकंच उजळ, केस आणि कपाट एकच, पडदा भिंतीपेक्षा किंचित गडद पण जास्त गरम, सगळ्यात उजळ काय तर मांडीवरचा कागद. रंगाचं नाव लिहू नका, कशापेक्षा काय ते लिहा. निळा लिहिलंत तर घरी जाऊन ट्यूबमधला निळा लावाल. घरीच आहात म्हणा तुम्ही, पण कळलं ना.

आता डिझाइनचा गोंधळ, याला मी जास्त वेळ देतो कारण सगळे इथेच मार खातात. चादरीवर फुलं आहेत, पडद्यावर रेघा आहेत, आईच्या कपड्यावर ठिपके आहेत. तुम्ही फुलं काढता गुलाबी, पानं गडद हिरवी, मागची चादर पांढरी. म्हणजे एका चादरीतच उजळ, मधला आणि गडद तिन्ही आले, असंच पडद्यात, असंच कपड्यात, मग डोळ्याला धरायला काही उरतच नाही, सगळीकडे नुसती टिकटिक. व्ह्युयारची चित्रं इतकी नक्षीने भरलेली असून फुटत का नाहीत, तर तो आधी खोलीचे उजेड-अंधाराचे तीन-चार मोठे तुकडे ठरवतो आणि नक्षी त्या तुकड्याच्या आत ठेवतो. भिंत मधल्या टोनची (टोन म्हणजे रंग किती उजळ, किती गडद) असेल तर भिंतीवरचं फूल पण मधल्याच टोनचं, फक्त रंग वेगळा. तांबूस भिंत, त्यावर तेवढंच उजळ असं राखाडी-हिरवं फूल. डोळे बारीक करून बघितलं की फूल गायब होऊन नुसती भिंत राहिली पाहिजे. आणि कुठेतरी दोन वेगळ्या वस्तूंचे टोन मुद्दाम सारखे केलेत तर मधली कड विरघळते, कपडा भिंतीत शिरतो. मारी भिंतीत का शिरते त्याचं तांत्रिक उत्तर हे. आणि आई का नाही शिरत, कारण तिचा काळा रंग त्या खोलीत दुसऱ्या कशालाच मिळू दिलेला नाही इतका सलग.

तपासायला मोबाईल इथे मात्र कामाचा. अर्धवट चित्राचा फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करा. तुकडे शाबूत दिसले तर पुढे जा. वर्तमानपत्राच्या छपाईसारखे सगळीकडे ठिपके दिसले तर नक्षी जास्त ओरडतेय, वरून एक पातळ हात सगळ्या भिंतीवर फिरवा आणि मग चार-पाचच फुलं परत काढा. सगळी नको. चार फुलं काढली की बाकीची बघणारा काढतो.

कडांबद्दल एक नियम मी स्वतःपुरता केलाय, नियम म्हणण्यापेक्षा खोड. पूर्ण चित्रात धारदार कड एकाच ठिकाणी. ती चेहऱ्याला देत नाही. सुई धरलेल्या बोटांना देतो, कधी टेबलाच्या कोपऱ्याला, एकदा नुसत्या चष्म्याच्या काडीला दिली होती. बाकी सगळीकडे ब्रश शेजारच्या ओल्या रंगात घुसू द्यायचा. अ‍ॅक्रिलिकमध्ये हे अवघड जातं कारण ते पटकन वाळतं, त्यामुळे तुमच्या चित्रातल्या सगळ्या कडा कात्रीने कापल्यासारख्या येत असतील तर त्यात थोडा दोष माध्यमाचाही आहे. रिटार्डर (रंग हळू वाळावा म्हणून मिसळायचं द्रव्य) घाला, किंवा कड विरवायची असेल तिथे दोन्ही बाजूंचा मधला रंग वेगळा कालवून तुटक तुटक लावा.

माध्यमावरून आठवलं, तुम्ही विचारलंय की त्याच्यासारखा तो मॅट, कोरडा, खडूसारखा पृष्ठभाग येतो कसा. दोन गोष्टी आहेत. सुरुवातीला तो बऱ्याचदा कच्च्या पुठ्ठ्यावर तैलरंगाने काम करायचा, पुठ्ठा तेल पिऊन टाकतो आणि रंग कोरडा राहतो, आणि मधेमधे तपकिरी पुठ्ठा तसाच उघडा सोडलेला असतो, तोच चित्रातला एक रंग. दुसरी म्हणजे सरस. हो, तोच प्राण्यांच्या कातडी-हाडांपासूनचा. कोरडी रंगाची पूड पाण्यात कालवून गरम सरसात मिसळायची आणि गरम असतानाच लावायची, नाटकाचे पडदे रंगवायला हेच वापरायचे. १८९३ मध्ये त्याचा शाळेपासूनचा मित्र ल्युन्ये-पो याने पॅरिसमध्ये तेआत्र द लव्हर नावाचं नाट्यगृह काढलं त्यात व्ह्युयार होता, तिथले पडदे, कार्यक्रमपत्रिका रंगवायचा, तिथून हा सरसाचा रंग त्याच्या हातात बसला आणि मोठ्या भिंतींच्या चित्रांना त्याने तोच वापरला. १८९४ ची सार्वजनिक बागांची नऊ पॅनेल्स याच रंगात आहेत, त्यातली पाच आता पॅरिसच्या ओर्से म्युझियममध्ये.

मी हा प्रकार करून पाहिलाय आणि उत्साहाने सांगत नाही. वास येतो, सतत गरम ठेवावं लागतं, आणि ओला रंग आणि वाळलेला रंग यात इतका फरक की पहिली तीन चित्रं माझी पिठात बुडवल्यासारखी झाली. वाळल्यावर उजळ होतो तो खूप. शेवटी प्रत्येक रंगाचा एक पट्टा वेगळ्या कागदावर वाळवून बघायचा आणि मग लावायचा असं करायला लागलो, पण मग जे झटपट व्हायचं त्याची मजाच गेली. तुमच्यासाठी गॉश, म्हणजे पाण्यात कालवायचा तो अपारदर्शक मॅट रंग, पुरेसं आहे. किंवा अ‍ॅक्रिलिकच, पण मॅट मीडियम घालून, आणि वरून ग्लॉस व्हार्निश मारू नका, व्हार्निशने अंधार खोल होतो, मग टोनचे जे बारीक हिशेब केलेत ते सगळे बदलतात. पुठ्ठ्यावर करायचं असेल तर अ‍ॅसिड-फ्री बोर्ड घ्या आणि दोन्ही बाजूंनी मीडियमचा पातळ हात द्या, एकाच बाजूने दिला तर वाकतो. खोक्याचा साधा पुठ्ठा वापरू नका, काही वर्षांत काळपट होऊन तुटायला लागतो, माझे दोन गेले असे.

इथवरचं पुन्हा एकदा, कारण बरंच झालं: चेहऱ्याचा हट्ट सोडा, पंधरा दिवस नुसती वही, फोटोवरून ड्रॉइंग फार तर एकदा, आधी तुकडे मग नक्षी, धार एकाच जागी.

आता वस्तू काढून टाकण्याबद्दल. तुम्ही लिहिलंय की खोलीतलं काही वगळलं तर खोटं वाटेल. सतराव्या शतकातल्या डच चित्रकार व्हर्मीरची दूध ओतणारी बाई आठवते ना, मागे ती रिकामी पांढरी भिंत, खिळा आणि खिळ्याची भोकं. २०२२ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने तपासणीचे निकाल सांगितले तेव्हा कळलं की त्या भिंतीवर त्याने आधी भांडी (हँडलचे जग) टांगायची फळी काढायला घेतली होती आणि खाली कोपऱ्यात एक शेकोटीची टोपली होती, दोन्ही त्याने स्वतःच बुजवून टाकली. ज्या भिंतीला आपण "काय खरी भिंत आहे" म्हणतो ती गोष्टी काढून काढून झालेली आहे. पण खिळ्याची भोकं ठेवलीन बघा त्याने. मोठं काढलं आणि बारीक ठेवलं, आपण नेमकं उलटं करतो, टीव्ही ठेवतो आणि भोकं बुजवतो. मी प्रत्येक चित्रात एक मोठी वस्तू काढतो आणि एक निरुपयोगी बारीक गोष्ट ठेवतो, जी फक्त त्या घरात राहणाऱ्यालाच माहीत असेल.

उलट टोकाला डॅनिश चित्रकार विल्हेम हामरशॉई. कोपनहेगनमध्ये स्ट्रँडगेड रस्त्यावरच्या ३० नंबरच्या घरात तो १८९८ ते १९०९ राहिला आणि त्याच खोल्या परत परत रंगवल्या, बहुतेक सामान हटवून, राखाडीच्या दहा छटांत, आणि बायको इडा पाठमोरी. मान, थोडे केस, काळा कपडा. हे मी मुद्दाम सांगतोय कारण तुमच्या बहिणीला चित्रात यायचं नाहीये असं तुम्ही ओझरतं लिहून पुढे गेलात. ते ओझरतं नाहीये. घरच्या माणसाला नाही म्हणणं परक्यापेक्षा अवघड असतं, म्हणून तिने म्हटलंय तर ते धराच. पाठमोरी चालेल का विचारा, नुसते हात चालतील का विचारा, ती उठून गेल्यावरची खोली तर तुमचीच आहे. आणि कुठे दाखवण्याआधी, ऑनलाइन टाकण्याआधी परत विचारा, कारण घरात काढलेलं आणि लोकांनी बघितलेलं यात फरक आहे. व्ह्युयारच्या बहिणीचं लग्न १८९३ मध्ये त्याच्याच मित्राशी झालं, चित्रकार रुसेलशी, आणि ते फारसं सुखाचं झालं नाही. त्याच सालचं एक छोटंसं चित्र आहे, एखाद फूट लांबीचं, शिवणाच्या खोलीत कापडाच्या पसाऱ्यातून हा रुसेल डोकावतोय, "पसंती करायला आलेला" अशा अर्थाचं त्याचं नाव पडलंय. आज आपण ते बघून गोड म्हणतो. मारीला काय वाटायचं ते कोणी विचारलं होतं देव जाणे.

आकाराचं तुम्ही विचारलं नाहीत पण सांगतो, लहान करा. वहीच्या पानाएवढं. घरातली गोष्ट मोठ्या कॅनव्हासवर ताणली की तिला भाषण द्यायची हुक्की येते. व्ह्युयारनेही मोठी केली, भिंतीभर केली, पण ती लहान लहान चित्रांत हात बसल्यावर. वर्षभरात मोठी चार करण्यापेक्षा त्याच खुर्चीची लहान चाळीस करा, त्यातली पस्तीस वाईट होतील, माझी होतात.

राहिला शेवटचा प्रश्न, संपलं कधी समजायचं. बोनारकडे याचं उत्तर नव्हतं बहुधा. विकल्या गेलेल्या चित्रांवर परत जाऊन रंग लावायचा, म्युझियममध्ये टांगलेल्या स्वतःच्या चित्राला गुपचूप हात मारला आणि तेवढ्यात पहारेकऱ्याला बोलण्यात गुंतवायला व्ह्युयारला उभं केलं अशी गोष्ट सांगतात, खरी असो नसो, दोघांना शोभते. १९४७ मध्ये मरायच्या थोडं आधी फुललेल्या बदामाच्या झाडाचं चित्र होतं समोर, कोपऱ्यातला हिरवा पटेना, हातात ताकद नाही, तर भाच्याकरवी तो हिरवा झाकून पिवळा लावून घेतला.

माझा उपाय फार साधा आहे. चित्र झालंसं वाटलं की आठवडाभर भिंतीकडे तोंड करून ठेवतो. मग घरातल्या कोणालातरी बोलावतो, ज्याचं चित्र आहे त्याला सोडून, आणि कसं झालंय हे विचारत नाही, कारण छान म्हणतात सगळे. विचारतो, यात किती वाजलेत? "कळत नाही" आलं की परत टेबलावर घेतो, उजेडाचा कुठला तरी तुकडा मी बुजवलाय म्हणून. पण कोणी बघितल्या बघितल्या "चार, सव्वाचार, ती दुपारी झोपून उठल्यावर बसते ना तेव्हाचं" असं म्हणालं तर त्या दिवशी ब्रश धुवून ठेवतो.